मानगुटीतला धाकटा सरळ

मराठीत 'मान' हे दोन शब्द आहेत, एक नव्हे. 'तो मान' आदराचा. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. 'ती मान' शरीराची. तिचे मूळ संस्कृत 'मन्या' या शब्दात आहे, आणि मन्या म्हणजे मानेची मागची बाजू. व्युत्पत्तीने या दोघांचे काहीही नाते नाही. तरीही मान तुकवणे, मान खाली घालणे, ताठ मानेने जगणे या प्रयोगांत ते इतके एकमेकांत मिसळले आहेत की आज बोलणाऱ्याला त्यांतली सीमारेषा दाखवणे अवघड जावे. याच घरातला तिसरा शब्द 'मानगूट'. भूत मानगुटीवर बसते, छातीवर नाही. ज्याला ते धरते त्याला ते दिसत नाही, कारण मानगूट हा स्वतःला कधीही न दिसणारा भाग आहे.

आम्ही साहित्याचे वाचक. शरीररचनाशास्त्राशी आमचा संबंध शब्दांपुरता. परंतु या मानगुटीत खोलवर असलेल्या एका लहानशा स्नायूचा इतिहास वाचताना तो आम्हांला आपल्याच व्यवहारातला वाटला. नाव कसे पडते, पडलेले नाव पुढच्यांना काय दाखवते आणि काय पाहू देत नाही, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारे उदाहरण आम्हांला वाङ्मयाच्या इतिहासातही चटकन आठवत नाही.

आधी स्नायू कुठे आहे ते सांगितले पाहिजे. डोक्याच्या मागे केसांत बोट घालून कवटीची खालची कडा चाचपावी. तिच्या खाली, मधल्या रेषेच्या डावी-उजवीकडे, त्वचेपासून बराच आत हा जोडीने असतो. त्याच्यावर मानेच्या मोठ्या स्नायूंचे तीन थर आहेत. मणक्यांच्या माळेतला पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलस. आकाश पेलणाऱ्या ग्रीक पुराणपुरुषाचे नाव त्याला दिले आहे, कारण तो डोके पेलतो. त्याच्या मागच्या कमानीवर मधोमध एक बारीक उंचवटा असतो. तिथून हा स्नायू निघतो, पंख्यासारखा पसरत वर जातो आणि कवटीच्या तळाला, मेंदूतून मज्जारज्जू जिथून खाली उतरतो त्या मोठ्या छिद्राच्या मागे चिकटतो. लांबी बोटाच्या एका पेरापेक्षा फारशी नाही. कवटी आणि अ‍ॅटलस यांमधल्या सांध्यात आपण 'हो' म्हणून मान खाली-वर करतो. अ‍ॅटलस आणि त्याखालचा मणका यांमधल्या सांध्यात 'नाही' म्हणून ती फिरवतो. (आपल्याकडची दोन्ही बाजूंना डोलणारी, हो आणि नाही यांच्या मधली मान या वाटणीत नीट बसत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवू.) आपला स्नायू होकाराच्या सांध्याच्या पाठीमागे आहे. त्याचे लॅटिन नाव 'रेक्टस कॅपिटिस पोस्टीरिअर मायनर'.

भारतीय परंपरेत याचा शोध घ्यायचा मोह होतो आणि तो थोडा आवरावा लागतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचशे पेशी सांगितल्या आहेत: हातापायांत चारशे, धडात सहासष्ट, मानेपासून वर चौतीस. या चौतिसांतल्या मानेच्या वाट्याला चार येतात. चारांत आपल्या धाकट्याला जागा मिळणे कठीण. सुश्रुताची पद्धतही वेगळी होती. प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मऊ झालेले थर वाळा, बांबू वगैरेंच्या कुंच्यांनी हळूहळू घासत काढायचे. या पद्धतीत सुरीचा फारसा संबंध नाही. पण याच ग्रंथात मर्मांच्या यादीत 'कृकाटिका' येते: डोके आणि मान जिथे जुळतात तिथली मर्मांची जोडी. तिथे इजा झाली तर डोके स्थिर राहत नाही, ते डळमळू लागते, असे तिचे लक्षण दिले आहे. स्नायू वेगळा काढून त्याची मोजदाद झाली नव्हती. त्या ठिकाणाचे काम मात्र ओळखले गेले होते. डोके हलवणे हे ते काम नाही, डोके स्थिर राखणे हे आहे. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

इथे शब्दांची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. सुश्रुत ज्याला पेशी म्हणतो त्याला आपण मराठीत स्नायू म्हणतो. सुश्रुताचा स्नायू म्हणजे मात्र हाडे-सांधे बांधून ठेवणारा बंध. बंगालीत 'स्नायु' म्हणजे चेतातंतू. हिंदीने मांसपेशी हा शब्द राखला आणि सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या घटकाला 'कोशिका' म्हटले, तर मराठीने त्या घटकालाच 'पेशी' म्हटले. एकाच संस्कृत कोठारातून उचललेले शब्द, पण घराघरांत त्यांची कामे वेगळी लागली. भाषांतरातून शास्त्र वाचणाऱ्याने पुण्याहून कोलकात्याला जाताना स्नायू गाठोड्यात नीट बांधून न्यावा; उघडल्यावर तो तंतू निघेल.

युरोपात या भागाचे वाचन गेलनपासून सुरू होते. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक वैद्य माकडे आणि इतर प्राणी चिरून शिकला आणि पुढची हजार-बाराशे वर्षे त्याचा शब्द प्रमाण राहिला. १५४३ साली बाझलमध्ये आंद्रेआस वेसालिअसचा मानवी शरीररचनेवरचा महाग्रंथ छापला गेला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. गेलनने माणसाचे शरीर उघडलेच नव्हते हा त्याचा मुख्य आरोप. त्याला स्वतःला माणसांची प्रेते मिळाली ती पाडुआच्या एका न्यायाधीशाच्या कृपेने. १५३९ पासून देहदंड झालेल्यांची शरीरे त्याच्याकडे येऊ लागली. त्याच्या ग्रंथातले प्रसिद्ध स्नायुपुरुष डोंगर-गावांच्या पार्श्वभूमीवर उभे आहेत, एकेका चित्रात एकेक थर गळत जातो, आणि शेवटी शेवटी एकाला तर दोरीने टांगून ठेवावे लागते. चित्रे इतकी नाट्यपूर्ण, पण स्नायूंना नावे जवळजवळ नाहीत. वेसालिअस त्यांना क्रमांक देतो: अमुक भाग हलवणाऱ्यांतला पहिला, दुसरा, तिसरा. वाचकाने आकडा धरायचा, चित्रावरचे अक्षर शोधायचे आणि मग मजकुराकडे परतायचे.

आकड्यांनी काम चालत नाही हे लवकरच ध्यानात आले, कारण प्रत्येक ग्रंथकाराचा तिसरा स्नायू वेगळा निघू लागला. पॅरिसमध्ये वेसालिअसचेच गुरू झाक द्युबोआ, लॅटिन नाव सिल्व्हिअस, यांनी स्नायूंना नावे द्यायला आरंभ केला होता. बाझलच्या कास्पार बाउहिन यांनी ती पद्धत वाढवली: आकारावरून, जागेवरून, तंतूंच्या दिशेवरून, कुठून निघतो आणि कुठे चिकटतो त्यावरून नाव. मग १७३४ साली लायडनच्या बर्नहार्ड सीगफ्रीड आल्बिनस यांचा मानवी स्नायूंचा इतिहास आला आणि १७४७ साली त्याला शोभणारी चित्रे. चित्रकार यान वान्डेलार. आल्बिनस यांनी सांगाड्यासमोर दोऱ्यांची जाळी उभी करून त्याच्याकडून मापे काटेकोर घेववली. वान्डेलारने त्याचा वचपा पार्श्वभूमीत काढला. सर्वांत खोल थरांच्या दोन चित्रांत, सोललेल्या माणसाच्या मागे, एक गेंडा शांतपणे उभा आहे. ती भारतातून युरोपात गेलेली क्लारा. आमच्यासारख्या वाचकाची नजर आधी गेंड्यावर जाते, हे कबूल करायला हरकत नाही.

आता नाव पाहू. रेक्टस म्हणजे सरळ, कारण शेजारी दोन तिरके आहेत. कॅपिटिस म्हणजे डोक्याचा. पोस्टिकस, पुढे पोस्टीरिअर, म्हणजे मागचा. मायनर म्हणजे धाकटा, कारण लगतच एक थोरला आहे. चारही शब्द खरे आहेत आणि चारही शब्द पत्त्याचे आहेत: गल्ली, वाडा, मागची खोली, धाकटी पाती. घरात राहणारा करतो काय, याचा पत्ता नावातून लागत नाही. १८९५ साली बाझलमध्ये जर्मन शरीररचनाकारांनी परिभाषेची साफसफाई केली, तेव्हा वापरात असलेली सुमारे पन्नास हजार नावे पाच-साडेपाच हजारांवर आणली गेली. एका अवयवाला एकच नाव, तेही लॅटिन, हा नियम. 'पोस्टिकस'चे 'पोस्टीरिअर' झाले ते याच सफाईत. शिकणाऱ्यांवर या मंडळींचे उपकार मोठे आहेत. पण पत्ता अधिक टापटीप झाला, इतकेच.

या नावाच्या प्रवासातला एक टप्पा मुंबईला येतो आणि तो सांगताना आमचा स्वर थोडा बदलला तर वाचकांनी समजून घ्यावे. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचे शरीररचनेचे पुस्तक प्रसिद्ध झाले. 'ग्रेज् अ‍ॅनाटमी' या नावाने ते आजही चालू आहे. त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. कार्टर यांनी एक साधी गोष्ट केली. आधीच्या बहुतेक पुस्तकांत अवयवावर 'अ', 'ब' असे बारीक अक्षर असे आणि त्याचा अर्थ पानाच्या तळाशी शोधावा लागे. कार्टर यांनी नावच अवयवावर लिहिले. स्नायूच्या तंतूंच्या दिशेने, धमनीच्या वळणाने, हाडाच्या उतारावर शब्द वळत जातात. पाहणे आणि वाचणे या दोन क्रिया त्यांनी एक केल्या. विद्यार्थ्यांना ही सोय किती मोठी वाटली असेल याची कल्पना टीपांसाठी पाने उलटून दमलेल्या कोणालाही यावी.

पुस्तक बाहेर पडण्यापूर्वीच कार्टर बोटीने मुंबईला आले होते. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवू लागले. इकडे लंडनला मुखपृष्ठाचे प्रूफ ग्रे यांच्या हाती होते. कार्टर यांच्या नावाचा टाइप लहान करावा अशी खूण त्यांनी केली आणि नावाखालचे मुंबईचे प्राध्यापकपद खोडले. ही हकीकत रूथ रिचर्डसन यांनी २००८ साली त्या पुस्तकावर लिहिलेल्या ग्रंथात सविस्तर आली आहे. ग्रे यांना आवृत्तीगणिक मानधन, कार्टर यांना एकरकमी दीडशे पौंड. ग्रे १८६१ साली देवीच्या रोगाने वारले, पुस्तक त्यांच्या नावाने अमर झाले. कार्टर पुढे तीस वर्षे मुंबई इलाख्यात राहिले. साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्यांनी १८७४ साली मोठा ग्रंथ लिहिला. कुष्ठरोगावर, उलटून येणाऱ्या तापावर काम केले. प्रत्येक अवयवावर नाव कोरणाऱ्या माणसाचे नाव पुस्तकावरून पुसट झाले. यावर आम्ही अधिक काही लिहीत नाही.

आणखी एक नाव नसलेला वर्ग या चित्रांमागे आहे. इंग्लंडात १८३२ च्या कायद्याने बेवारस गरिबांची प्रेते, बहुतेक अनाथ-दरिद्री लोकांच्या आश्रयगृहांतली, विच्छेदनासाठी मिळू लागली. मुंबई प्रांताचा असा कायदा १९४९ चा. ज्यांच्या मानेवर हे सगळे लॅटिन शिकले गेले ते लोक कोण होते, याची नोंद कोणत्याही पुस्तकाच्या कोणत्याही आवृत्तीत नाही.

कार्टर यांच्या युक्तीची दुसरी बाजू आम्हांला उशिरा दिसली. मांसावर नाव छापलेले असले की डोळा नावापाशी थांबतो. विद्यार्थी प्रेताकडे वळतो तो पुस्तकात पाहिलेले शोधायला. सापडले की खूण करतो आणि पुढे जातो. शिवाय मानेचे विच्छेदन ठरलेल्या वाटेने होते. शरीर पालथे ठेवायचे, पाठीकडून थर उलगडत जायचे. तिसरा थर बाजूला केला की एक त्रिकोण दिसतो: एक बाजू थोरल्या सरळ स्नायूची, दोन बाजू दोन तिरक्यांच्या. त्रिकोणात मेंदूकडे जाणारी महत्त्वाची धमनी आहे, म्हणून परीक्षेत प्रश्न त्रिकोणावर. धाकटा सरळ या त्रिकोणाच्या बाहेर, मधल्या रेषेकडे राहतो. तो मागून दिसतो, ओळखला जातो आणि तिथेच सोडला जातो. त्याची पुढची बाजू, मज्जारज्जूकडे तोंड असलेली, कोणी पाहत नाही. मेंदू किंवा मज्जारज्जू पाहायचा तेव्हा कवटी आणि मणक्यांच्या कमानी कापून काढाव्या लागतात, आणि त्या कापताना स्नायूच्या पुढे जे काही असेल ते सुरीखाली जाते. एका वाटेने पोचत नाही आणि दुसऱ्या वाटेने नष्ट होते, अशी ती जागा.

१९९५ साली 'स्पाइन' या नियतकालिकात बाल्टिमोरच्या मेरिलंड विद्यापीठातले गॅरी हॅक आणि त्यांचे सहकारी यांचा एक लेख आला. हॅक हे पेशाने दंतवैद्य. त्यांनी डोके आणि मान पुढून मागे उभी चिरली, नारळाच्या दोन भकलांसारखी डावी-उजवी, आणि बाजूने पाहिले. धाकट्या सरळ स्नायूच्या पुढच्या पृष्ठभागापासून तंतुमय ऊतीचा एक पूल निघत होता. कवटी आणि अ‍ॅटलस यांमधला पडदा ओलांडून तो थेट मज्जारज्जूच्या बाहेरच्या आवरणाला जाऊन मिळत होता. या आवरणाचे नाव 'ड्यूरा मेटर', म्हणजे कठोर आई. लॅटिनला ही आई अरबीतून मिळाली; बाराव्या शतकात अरबी वैद्यकग्रंथ लॅटिनात नेणाऱ्या अनुवादकाने तिथल्या 'उम्म'चे सरळ 'मेटर' केले. मराठी परिभाषेत हिला दृढतानिका म्हणतात. आई वाटेत गळाली. तर हॅक यांना दिसले ते असे: डोके हलवणारा म्हणून नोंदलेला एक स्नायू मज्जारज्जूच्या आवरणालाही धरून आहे. मान मागे जाते तेव्हा आवरणाला आत सुरकुती पडून ते मज्जारज्जूवर येऊ नये, म्हणून ही योजना असावी असा त्यांचा तर्क होता.

नवे यंत्र लागले नाही. सुरी तीच, फक्त छेदाची दिशा बदलली. विसाव्या शतकातल्या काही तज्ज्ञांच्या लेखनात अशा धाग्यांचे उल्लेख आधीही येऊन गेले होते, पण ते पाठ्यपुस्तकाच्या मुख्य प्रवाहात शिरले नाहीत. आल्बिनसपासून मोजले तर अडीचशे वर्षांहून अधिक काळ स्नायूचे नाव पाठ करणाऱ्या हजारो लोकांच्या सुरीखालून हा पूल गेला. आमच्या वर्गांत एखादी कविता 'निसर्गकविता' म्हणून शिकवली जाते आणि तिच्यातला मृत्यू तीस वर्षे कोणी वाचत नाही, तो प्रकार याच्यापासून फार दूरचा नसावा. पण उपमा इथेच सोडतो. स्नायू काही रूपक म्हणून जन्मला नाही.

शोधानंतर अपेक्षेप्रमाणे दोन गोष्टी झाल्या. एक, डोकेदुखीचे मूळ सापडले असा उत्साह. मान-मणक्यांवर हस्तोपचार करणाऱ्यांनी हा पूल हातोहात उचलला. २००४ साली या जोडण्या कापल्यावर एका रुग्णाची जुनाट डोकेदुखी कमी झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. रुग्ण एक. एकावरून नियम काढायचा नसतो हे सांगायला वैद्य असावे लागत नाही. दुसरी गोष्ट आम्हांला अधिक महत्त्वाची वाटते. या स्नायूच्या कामाबद्दलचा प्रश्न पुन्हा उघडला. पुस्तके सांगत होती, तो डोके मागे ओढतो. पण एवढ्याशा स्नायूने पाच किलोच्या आसपासचे डोके ओढावे आणि वरचे तीन दणकट थर रिकामे बसावेत, हे पटण्यासारखे नव्हतेच. स्नायूंत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला याची खबर ते मेंदूला देतात. वेलोरच्या संशोधकांनी मानवी गर्भांतल्या या परिसरातील स्नायूंतले असे संवेदक मोजले. 'न्यूरॉलॉजी इंडिया'त २००१ साली आलेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार शेजारच्या खालच्या तिरक्या स्नायूत दर ग्रॅममागे २४२ संवेदक होते, वरच्यात १९०, आणि मागच्या सरळ स्नायूत ९८. या चिमुकल्या स्नायूंचे काम ओढण्यापेक्षा डोके कुठे आहे हे सतत जाणण्याचे आणि त्याला डळमळू न देण्याचे असावे, अशी समजूत यातून बळावली. म्हणजे कृकाटिकेपाशी सुश्रुताने ज्याकडे बोट दाखवले होते तिथेच आपण आलो. सुश्रुताला सगळे आधीच माहीत होते असा अर्थ यातून कोणी काढू नये. त्याला हा स्नायू माहीत नव्हता. त्याने जखमी माणसांची डोकी पाहिली होती, एवढेच.

संशोधनाचे केंद्र नंतर चीनच्या दालियन शहरात गेले. तिथल्या वैद्यकीय विद्यापीठातल्या मंडळींनी हॅक यांच्या सोबतीने असे पूल इतर प्राण्यांतही शोधले. मेंदूभोवतीचा द्रव खेळता ठेवायला डोक्याच्या हालचाली या पुलांमार्फत मदत करतात, असे अनुमान ते मांडतात. अनुमानच आहे अजून. २०१४ साली याच गटाने याच परिसरातला एक तंतुमय बंध वर्णिला. तो मानेच्या मागच्या बाजूने येऊन पहिल्या दोन मणक्यांच्या फटीतून आत जातो आणि कठोर आईला मिळतो. त्याला कोणतेही नाव नव्हते, म्हणून त्यांनी इंग्रजीत त्याला 'टू बी नेम्ड लिगामेंट' म्हटले: 'नाव ठेवायचे आहे तो बंध'. पुढच्या लेखांत हेच शब्द वापरले जाऊ लागले, त्यांचे आद्याक्षरी संक्षिप्त रूपही झाले, आणि ती तात्पुरती सूचना हेच त्याचे नाव होऊन बसले.

याला मराठीत काय म्हणावे यावर आमच्यात वाद झाला. एकाने 'नामकरणाधीन बंध' सुचवले. ते सरकारी ठरावासारखे वाटले. दुसरीचे म्हणणे, सरळ 'बिनबारशाचा बंध' म्हणा. तिसऱ्याने 'अनाम' म्हटले, त्यावर पहिल्याने हरकत घेतली की अनाम म्हणजे नाव नसलेला, आणि याचे नाव तर पडायचे राहिले आहे. 'बिनबारशाचा' सध्या एका मताने पुढे आहे.